कोर्सची वहिवाट

आंजर्ल्यात पोफळी, माड आणि भाऊबंदकी यांची लागवड पूर्वापार आहे. ऑनलाइन कोर्सची लागवड अलीकडची, आणि ती केली अण्णांनी. असा एक अण्णा हल्ली गावोगाव असतो. निवृत्त, ठणठणीत, आणि मोबाइलातला रोजचा दीड जीबी वाया गेला तर ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा.

'स्वयं' हे सरकारी पोर्टल २०१७ साली सुरू झालं. आयआयटीतले प्राध्यापक घरबसल्या शिकवणार, तेही फुकट, हे कळताच अण्णांनी एकदम पाच कोर्सना नाव घातलं. त्यातला एक पायथॉनचा. काकू म्हणाल्या, "आगरात फुरसं निघालं तर काठी उचलवत नाही, आणि म्हणे अजगर शिकणार!"

अण्णांचं आयुष्य सातबारा आणि बांधाच्या दाव्यांत गेलेलं. त्यामुळे कोर्स उघडला की धड्याला हात न लावता ते आधी त्याच्या हद्दी पाहतात. आठवडे किती, धड्यांची यादी कुठे, गुण कुठे दिसतात, शंका कुठे विचारायची आणि विचारलीच तर उत्तर द्यायला कोण बांधील आहे. "वाट आधी कायम करावी. धडा कुठे पळून जातोय?"

व्हिडिओ उतरवायला ते कड्यावरच्या गणपतीला जातात. तिथे दर्शन आणि रेंज दोन्ही बरी. समोर सुवर्णदुर्ग स्वच्छ दिसतो. प्राध्यापक मात्र तोंड उघडं ठेवून थबकलेले आणि वर चक्र फिरत असलेलं.

नियम त्यांना तोंडपाठ. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारा स्वाध्याय. त्यातले सर्वांत चांगले आठच धरतात. त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५. "म्हणजे चार स्वाध्याय सरकारनं सोडूनच दिलेत!" मिळालेली सूट वाया घालवायची नाही या तत्त्वावर अण्णा पहिले चार सोडतात.

पाचवा आला की गंमत. मुदत बुधवारी रात्री ११:५९ ची. अण्णा साडेअकराला जागे होतात. नेमकी वीज गेलेली, म्हणून रेंजसाठी परसात विहिरीच्या कठड्यापाशी उभे. काकू बॅटरी धरून.

"ब की क?"

"मला नका विचारू. मागच्या खेपेस क म्हटलं तर माझ्यावर घसरलात."

अण्णा ब पाठवतात. मुदतीपर्यंत उत्तर बदलता येतं आणि शेवटचं पाठवलेलंच धरतात. मुभा आहे म्हटल्यावर ती वापरायला हवीच. ११:५७ ला अण्णा क पाठवतात. बरोबर असतं ब.

पण गावातली कॉलेजची पोरं जुलै आणि जानेवारीत अण्णांच्याच पडवीत गोळा होतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक असल्या कोर्सांतून घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. पोरं हुशार, पण घाईची. अण्णा एकेकाचा मोबाइल हातात घेतात. "कोर्सला नाव घातलंस म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला असं समजू नको. तो वेगळा, त्याची फी वेगळी, मुदतही वेगळी. आणि प्रोफाइलात 'बंड्या' काय लिहिलंयस? तेच सर्टिफिकेटावर छापून येईल." बंड्या तिथल्या तिथे आपलं पूर्ण नाव घालतो.

गेल्या खेपेस बंड्याला साठाच्या वर गुण पडले, 'एलिट' शेरा मिळाला. पेढे घेऊन आला आणि पेढ्याबरोबर नको तेही विचारून बसला, "अण्णा, तुमचं सर्टिफिकेट कधी?"

अण्णांनी पेढा निवांत संपवला. "मेल्या, सर्टिफिकेट घेतलंस म्हणजे कोर्सवरचा हक्क सोडलास. मी दर जुलैला नाव घालतो, एकदाही खंड नाही. २०१७ पासून ताबा आहे माझा. सरकारी आहे, तेव्हा तीस वर्षं निर्वेध होऊ देत, २०४७ ला पोर्टलच माझ्या नावावर चढवून घेतो!"