विठोबा नसलेली वीट

एडिसन, न्यू जर्सी
घटस्थापनेचा दुसरा दिवस

ती. स्व. आप्पा व सौ. आई यांस सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावर जळकोटपुढे ‘तालुका तुळजापूर’ दोनदा लिहिलंय. मागचं पत्र लातूर जिल्ह्यातलं जळकोट बघून आलं होतं.

काल तुम्ही घटासमोर फोन धरून बसलात आणि इथून कुणीच दिसलं नाही, त्याची ही हकीकत. तुमच्याकडे सकाळचे साडेसहा, इथे आदल्या रात्रीचे नऊ. तुमच्या चिरंजीवांनी नेमकं साडेआठला वायफायच्या डबीचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्राम, बदलायला घेतलं. अर्ध्यात डबीची वीज गेली. जुनं पुसलेलं, नवं अर्धवट. अशा डबीला इंग्रजीत वीटच म्हणतात. आप्पा, वीट झाली खरी, पण वर विठोबा नाही.

चिरंजीव म्हणाले, अजून जीव आहे. आईंना कळेल असं सांगायचं तर नळदुर्गचा पाणीमहाल आठवावा. बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून धो धो कोसळतं आणि आतल्या दालनात थेंब नाही. डबीतही बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असाच वेगळ्या जागी असतो. वरचं सगळं वाहून गेलं तरी तो कोरडा राहतो. त्याला हाक मारायची रीत अशी: रीसेटच्या भोकात टाचणी दाबून धरायची, तशीच वीज जोडायची आणि दिवा लुकलुकेपर्यंत सोडायची नाही. टाचणी सूनबाईच्या पदराची गेली.

मग लॅपटॉपवरून डबीला फर्मवेअरची फाईल पाठवायची, तर पत्त्याचा घोळ. बेशुद्ध डबी कुणाला पत्ता देत नाही. लॅपटॉपला तो हाताने लिहून द्यावा लागतो. डबीचा १९२.१६८.१.२०, तर लॅपटॉपचा १९२.१६८.१.२५. पहिले तीन आकडे म्हणजे जिल्हा, तालुका, गाव, शेवटचा घरनंबर. चिरंजीवांनी तिसरा आकडा चुकवला आणि अर्धा तास दुसऱ्याच जळकोटात हाका मारत बसले.

फाईल पाठवायची पद्धत टीएफटीपी. एमआयटीच्या करेन सॉलिन्स यांनी १९८१ साली तिचे नियम लिहून काढले. तिला पासवर्ड नाही, नावनिशी नाही. ५१२ बाइटचा एकेक तुकडा, त्यावर क्रमांक; पोच आल्याशिवाय पुढचा निघत नाही. वाटेत हरवला तर तोच पुन्हा. आप्पांचा पत्रव्यवहार असाच चालायचा, असं चिरंजीव म्हणतात. बरोबर आठ एमबीची फाईल, म्हणजे १६,३८४ तुकडे. ५१२पेक्षा लहान तुकडा आला की ‘संपलं’ असं समजायचं. पण इथे भागाकार नि:शेष, म्हणून शेवटी एक कोरं पाकीट गेलं.

पाकिटं पोचली तरी काम संपत नाही. डबी ती चिपवर उतरवून घेते, तोवर वीज तुटता कामा नये. सहा मिनिटं चिरंजीव प्लगवर हात ठेवून बसले होते, खळ्यावरच्या राखणदारासारखे. धाकटीलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही. मग हिरवा दिवा लागला, तेव्हा जळकोटात जेवणं उरकली होती.

आज फोन लागेल. तरी पत्राची पोच द्यावी, नाहीतर इथून हेच पत्र पुन्हा निघेल.

आपली,
सूनबाई

ता. क. आई, हे आप्पांना वाचून दाखवू नका. वीज कुठेही गेली नव्हती; मिक्सरसाठी प्लग काढला गेला होता. शेंगाचटणी उखळात कुटूनच करावी, हे तुमचं म्हणणं सूनबाईला आता मान्य आहे.