जमातीची सही कुठे आहे?

मानसशास्त्राच्या चाचणीला बसणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेतात. नाव गुप्त ठेवतात, नको वाटलं तर मधूनच उठून जायची मुभा देतात. हे हवंच. पण निष्कर्ष अख्ख्या जमातीच्या माथी मारला जातो, तेव्हा त्या जमातीची सही कोण घेतं?

न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेट, साल १९१३. हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाच्या सहकारी महिला जहाजातून उतरलेल्या स्थलांतरितांची बुद्धी मोजत होत्या. समोरची माणसं सर्वांत स्वस्त वर्गातून समुद्र ओलांडून आलेली, दमलेली, बिचकलेली. इंग्रजी येत नाही, मध्ये दुभाषा. एक आकृती काही क्षण दाखवायची, काढून घ्यायची आणि आठवून कागदावर काढायला सांगायची. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या हातात पेन्सिल द्यायची आणि त्याच्या थरथरत्या रेघेला बुद्धीचं माप म्हणायचं! १९१७ साली निकाल छापून आला: ज्यूंपैकी ८३ टक्के मंदबुद्धी, इटालियनांपैकी ७९ टक्के. तपासलेले ज्यू होते ३५ आणि इटालियन ५०.

१९२८ साली गोडार्डने आपली बरीच मतं मागे घेतली. तोवर उशीर झाला होता. अमेरिकेच्या १९२४च्या स्थलांतर कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कापून टाकली होती. तो कायदा एकट्या गोडार्डमुळे झाला नाही. पण ज्यांना दार लावून घ्यायचंच होतं, त्यांना बुद्धिमापनाच्या आकड्यांचा आयता आधार मिळाला.

मग असे विषय बंदच करायचे का? मुळीच नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये डॉक्टरेट करत होत्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना गोऱ्यांचं श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसेल अशी खात्री होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक आढळत नाही, असं प्रबंधात स्पष्ट लिहिलं. मोजायलाच नकार दिला असता, तर गुरूचा समज तसाच मिरवत राहिला असता.

जोन सीबर आणि बार्बरा स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ सालीच बजावलं आहे की संशोधकाची नैतिक जबाबदारी प्रश्न मांडतानाच सुरू होते आणि नाजूक विषय टाळल्याने ती संपत नाही. आपल्याकडे जात, धर्म किंवा मातृभाषा यांवरून माणसांचा स्वभाव आणि बुद्धी मोजायला निघणाऱ्यांनी हे आधी वाचावं. नीतिमत्ता समितीनेही प्रस्ताव हाती येताच तीन गोष्टी विचाराव्यात. हा प्रश्न कोणाला हवा आहे? तो ठरवताना त्या समाजातलं कोण हजर होतं? निष्कर्षाचा गैरवापर झाला, तर जाहीरपणे खोडून काढायला तुम्ही उभे राहाल का? तिसऱ्या प्रश्नावर जो गप्प बसेल, त्याला परवानगी देऊ नये.