एका ‘व’चं गाव

निरोप आला तो असा : ‘तीन धबधबे, एक भुताचं गाव, नाश्त्याला पोहे.’ भूत आणि पोहे एकाच वर्गणीत म्हटल्यावर मराठी माणूस घरी कसा बसेल? नाव नोंदवलं.

जागा वासोटा किल्ल्याच्या पायथ्याची. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडायचं, बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोटीनं जायचं. गंमत अशी की धबधब्यांच्या दिवसांत, म्हणजे ऐन पावसात, इथलं अभयारण्य बंद असतं. ते उघडतं ऑक्टोबरच्या मध्याला, धबधबे आवराआवर करून निघाले की. आमच्या म्होरक्याला हे विचारलं, तर म्हणाला, ‘‘काका, धबधबा आहे, फक्त पाणी नाही.’’ नळपाणी योजनेचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं.

तरी दोन मोजले. एक कासच्या रस्त्यावर, गळक्या पन्हाळीएवढा. दुसरा जंगलातल्या मारुतीपाशी, गुडघ्याएवढा. तिसऱ्याचं पुढे सांगतो.

बोटवाल्या मामांना सहज विचारलं, ‘‘मामा, तुमचं गाव कुठलं?’’ त्यांनी सुकाणू न सोडता हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. ‘‘आत्ताच ओलांडलं न्हवं.’’

पलीकडे उतरलो तर वनखात्याची तपासणी. पिशव्या उघडल्या, प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या, अनामत ठेवून घेतली. जेवढ्या आत नेल्या तेवढ्या बाहेर आणून दाखवायच्या. फार चांगली पद्धत. कोयनेच्या खोऱ्यातून माणसं बाहेर काढली तेव्हा ती इतक्या काटेकोरपणे मोजली असती, तर कोण कुठे गेलं याच्या याद्या पुढच्या पिढ्यांना शोधत बसावं लागलं नसतं.

मग आलं आमचं ‘भुताचं गाव’. मेट इंदवली. कारवीत बुडालेली जोती आणि एक आंबा. गटातली एक मुलगी फोनसमोर उभी राहून कुजबुजत्या आवाजात सांगत होती, ‘‘इथले लोक रातोरात गाव सोडून पळाले!’’ शासकीय काम रातोरात होतं यावर विश्वास असलेली पिढी अजून शिल्लक आहे, हे पाहून ऊर भरून आला.

बाई गं, हे गाव उठलं नाही, उठवलं. फरक एका ‘व’चा आहे, पण तेवढ्या एका अक्षरात सगळं सरकार बसतं. या खोऱ्याला उठवायची तर रीतच पडली. साठच्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं, तेव्हा पाण्यासाठी उठवलं. 1985 साली अभयारण्य झालं आणि 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मग डोंगरावर उरलेल्यांना वाघासाठी उठा म्हणून सांगितलं. वाघ मात्र पुढे कित्येक वर्षं कॅमेऱ्यात क्वचितच सापडला. पुनर्वसनाच्या योजनेला इतका थंड प्रतिसाद माणसांनीसुद्धा दिला नव्हता.

आणि माणसं गेली कुठे? कुणी रायगडात, कुणी ठाण्यात, कुणी सांगली-सोलापूरकडे. दऱ्याखोऱ्यात नाचणी पिकवणाऱ्याला माळरान दिलं की पुनर्वसन पूर्ण. कागदावर तर नक्कीच. 2018 साली हीच मंडळी आणि त्यांची नातवंडं कोयनानगरला आपल्या हक्काच्या जमिनीसाठी ठिय्या देऊन बसली होती. धरणासाठी उठले ते धरणे धरून बसले. मराठी भाषा अशा वेळी फार समृद्ध वाटते.

आता तिसरा धबधबा. तो म्होरक्याला ठाऊक नव्हता, पण या मुलखातला सगळ्यात मोठा तोच. फक्त तो दिसत नाही, कारण तो डोंगराच्या पोटात आहे. शिवसागरचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेतात आणि साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून कोकणाच्या अंगाला, पोफळीच्या बाजूला खाली सोडतात. पूर्वेकडे कृष्णेला मिळायचं ते पाणी जनित्रं फिरवून वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॉट. याच पाण्याकाठच्या कित्येक वाड्यांनी मात्र वर्षानुवर्षं रात्री कंदिलाच्या उजेडात काढल्या. कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात. वर कुणाला, हे त्या नावात लिहिलेलं नाही.

निघताना एका जोत्यावर टेकलो, तर पायाशी जमिनीत पुरलेलं उखळ. कांडून कांडून आतून गुळगुळीत झालेलं. आत पावसाचं पाणी, कुजलेली पानं आणि कुणीतरी टाकलेलं शेंगदाणा चिक्कीचं वेष्टन. अनामतीत न मोजलेलं. उखळ काळं ठिक्कर पडलं होतं. पांढरं ज्याचं झालं, तो इथे राहत नव्हता.

पाचच्या आत जंगल सोडावं लागतं. सोडलं. बाटल्या मोजणीत बरोबर भरल्या, अनामत परत मिळाली, माझ्यावर कुठलाही डाग नाही. भूत काही दिसलं नाही.

रात्री घरी पोचलो तेव्हा फोन मान टाकून पडला होता. पिन लावली, बटण दाबलं. तिसरा धबधबा व्यवस्थित वाहत होता.