पाहिजे: क्वार्टरबॅक, निष्ठावान

२०१० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठाला एक विद्यार्थी फारच आवडला. विद्यार्थी डेलावेअर राज्यातला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. इयत्ता सातवी, वय वर्षे १३. फुटबॉल संघाचे नवे प्रशिक्षक लेन किफिन यांनी डेव्हिड सिल्स नावाच्या या बाळाला कॉलेजची शिष्यवृत्ती देऊ केली आणि बाळाने होकार दिला. पुढे कोणता विषय घेणार, गणितात किती पडले, असल्या फालतू चौकशांत कोणी वेळ घालवला नाही. पोराला चेंडू लांब आणि नेमका फेकता येत होता. विद्यापीठाला आणखी काय लागतं? मुलगा कॉलेजच्या वयाचा होण्याआधीच, २०१३ मध्ये, विद्यापीठाने किफिनसाहेबांना विमानतळावरच नारळ दिला. सिल्स शेवटी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि चेंडू फेकण्याऐवजी झेलण्यात त्याने नाव काढलं.

हा सगळा खटाटोप ज्या एका जागेसाठी चालतो, ती समजून घ्यायला हवी. अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज संघात शंभराच्या आसपास पोरं असतात. धावणारे आलटून पालटून धावतात, अडवणारे दमले की बदलले जातात. क्वार्टरबॅक मात्र एकच. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि मग तो ठरवतो की फेकायचा, द्यायचा की घेऊन पळायचं. त्याच्या मागे रांगेत असलेले दोन-तीन क्वार्टरबॅक मैदानाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात आणि पहिल्याच्या गुडघ्याची काळजी वाहतात. गादी एक आणि दावेदार चार. पेशवाईत तरी याहून वेगळं काय होतं? तिथे शिष्यवृत्ती नव्हती, एवढंच.

निवड शास्त्रशुद्ध पद्धतीने होते. शाळकरी पोरांना दोनापासून पाचापर्यंत तारे वाटणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या ताऱ्यांवर पैसे मोजून वाचणारी मोठमोठी माणसं आहेत. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बँकेत अधिकारी असलेला गृहस्थ सतरा वर्षांच्या अनोळखी पोराच्या मनगटाबद्दल रात्री दोन वाजता चिंता करतो. जॉर्जिया विद्यापीठात स्टेट्सन बेनेट नावाचा एक पोरगा शिष्यवृत्तीविना आला होता, मधे मिसिसिपीतल्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात जाऊन परतला आणि २०२१ व २०२२ च्या हंगामांत लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं देऊन गेला. तारेवाल्यांनी याची नोंद घेतली आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना तारे वाटायला घेतले.

ताऱ्यांची पोरं एकदा ठरली की प्रशिक्षक घरी येतात. हा सोहळा मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मुलगा बघायला आलेली मंडळी कशी बसतात, आईच्या हातच्या जेवणाची किती स्तुती करतात आणि पगाराचा विषय निघाला की छताकडे कशी बघतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बा तर २०१६ च्या जानेवारीत एका पोराच्या घरी मुक्कामालाच गेले, कारण भेटीगाठींना परवानगी असलेला काळ मध्यरात्री सुरू होत होता. तो पोरगा क्वार्टरबॅकही नव्हता हो! नुसत्या लाथा मारणारा किकर होता. क्वार्टरबॅकसाठी साहेबांनी काय केलं असतं, याची कल्पना करवत नाही. शेवटी पोरगा टेबलावर चार कॉलेजांच्या टोप्या मांडतो, टीव्हीचे कॅमेरे लागतात, एका टोपीकडे हात नेऊन तो दुसरीच उचलतो आणि आजी रडते.

आता पैशाचं. अनेक दशकं या खेळाचा पाया पवित्र होता: पोरं हौशी, बाकी सगळे व्यावसायिक. टीव्हीचे हक्क, तिकिटं, जर्सी, सगळ्यांतून पैसा यायचा. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. खेळाडूंच्या चारित्र्याला मात्र पैशाचा स्पर्श होऊ नये म्हणून एनसीएए ही नियामक संस्था डोळ्यांत तेल घालून जागत होती. एकेकाळी नियम असा होता की कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी बेगल, म्हणजे तो गोल कडक पाव, द्यायला हरकत नाही. पण त्याला क्रीम चीज फासलं तर तो खाऊ उरत नाही, जेवण होतं. पाव निर्मळ, चीज भ्रष्ट. २०१४ मध्ये खाण्यावरची बंधनं उठली, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर प्रत्येक मोठ्या विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंमध्ये थेट वाटायची मुभा मिळाली. क्रीम चीजपासून इथपर्यंत यायला फार वर्षं लागली नाहीत.

बाजार उघडल्यावर बाजारासारखंच झालं. फ्लोरिडा विद्यापीठाने मन वळवलेल्या जेडन रशाडा या क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार दाखवला गेला. पैसे काही आले नाहीत. पोरगा दुसरीकडे गेला, तिथून तिसरीकडे, आणि २०२४ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांसह काहीजणांवर दावा लावला. शिक्षणाचा खरा अनुभव याला म्हणतात. पदवीआधीच कायद्याचा अभ्यास झाला.

वसंत ऋतूतला सराव सुरू झाला की प्रशिक्षक पत्रकारांना सांगतात, स्पर्धा पूर्णपणे खुली आहे. संघाची यादी निघते तेव्हा पहिल्या क्रमांकावर दोन नावं असतात आणि मधे ‘किंवा’. हा नम्रपणा नव्हे. २०२५ पर्यंत तर पहिला कोण हे एप्रिलमध्ये सांगितलं की दुसरा संध्याकाळपर्यंत सामान बांधायचा. तेव्हा दोघांनाही ऑगस्टपर्यंत आशेवर ठेवायचं. प्रशिक्षकांच्या मनात नाव कधीचं पक्कं असतं, आणि ते पोरांच्या आईबापांना, ट्रकवाल्याला आणि मैदानावर गवत कापणाऱ्यालाही ठाऊक असतं. एकट्या पत्रकारांना ते कळत नाही.

कधीकधी पत्ता भर सामन्यात कापला जातो. ८ जानेवारी २०१८ ला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात अलाबामा जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला १३–० ने मागे होती. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन वर्षं संघाला जिंकून देणाऱ्या जेलन हर्ट्‌सला बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामा २६–२३ ने जिंकली. हर्ट्‌स पुढचं वर्षभर तिथेच राहिला, टुआच्या मागे उभा राहिला, आणि डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाल्यावर त्याच जॉर्जियाविरुद्धचा सामना त्याने फिरवून दिला. मग तो ओक्लाहोमाला गेला. मला या साऱ्या गोंधळात हा एकच माणूस मनापासून आवडतो, आणि २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, तोच सामनावीर ठरला याचा आनंद मी लपवणार नाही. तिकडे ओहायो स्टेटमध्ये जागा न मिळालेला जो बरो लुइझियानाच्या एलएसयू विद्यापीठात गेला. २०१९ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, बरोला मिळाली, दुसरा आला हर्ट्‌स. म्हणजे देशातले सर्वोत्तम दोन्ही खेळाडू आपल्या पहिल्या कॉलेजात जागा न उरलेले होते.

तरीही दर हिवाळ्यात ‘ट्रान्सफर पोर्टल’, म्हणजे कॉलेज बदलण्याचं दार, उघडलं की जाणती मंडळी उसासे टाकतात: हल्लीच्या पोरांना निष्ठा नाही. आमच्या आमदारांना ही तक्रार ओळखीची वाटेल. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसीचा निको इआमालेआवा पैशाच्या वाटाघाटींच्या गदारोळात सरावाला आला नाही आणि विद्यापीठाने त्याला निरोप दिला. तो गेला यूसीएलएला. यूसीएलएमध्ये नुकताच दाखल झालेला जोई अग्विलार उठला आणि गेला टेनेसीला. दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या नव्या क्वार्टरबॅकच्या चारित्र्याचं कौतुक केलं. टेक्सासमध्ये आर्च मॅनिंगने मात्र दोन वर्षं आपली पाळी येण्याची वाट पाहिली, म्हणून त्याच्या संयमाचे सर्वत्र गोडवे गायले गेले. दोन काका सुपर बोल जिंकलेले आणि आजोबाही नामवंत क्वार्टरबॅक असले की संयम जरा स्वस्त पडतो, हे कोणी लिहिलं नाही. २०२५ चा पहिलाच सामना टेक्सास ओहायो स्टेटकडून १४–७ ने हरली, आणि संयमाचे गोडवे गाणारे त्याच रात्री दुसरा क्वार्टरबॅक शोधायला लागले.

निष्ठेचा धडा पोरांनी घ्यायचा कुणाकडून, हेही पाहू. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, आणि करारातल्या कलमामुळे त्यांना घरी बसण्याचे ७ कोटी ५० लाखांहून अधिक डॉलर देणं आलं. आणि सातवीतल्या बाळाला शिष्यवृत्ती देणारे आपले लेन किफिन? यूएससीच्या खुर्चीसाठी त्यांनी एकाच हंगामानंतर टेनेसी सोडलं होतं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर गाद्या जाळल्या होत्या. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर त्यांचा ओल मिस संघ १२ पैकी ११ सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. ३० नोव्हेंबरला किफिनसाहेब एलएसयूचे प्रशिक्षक झाले. बाद फेरी पोरं त्यांच्याशिवाय खेळली.