चेनची बाजू

फोटोखाली लिहिलेलं असतं 'पर्वती'. फोटोत सायकल असते. पर्वती पाहायचीच असेल तर दोन बोटांनी फोटो ताणून मागच्या चाकाच्या आऱ्यांतून डोकवावं लागतं. तिथे कळसासारखं काहीतरी सापडतं. खडकवासल्याचं अख्खं धरण परवा सीटखालच्या दोन स्प्रिंगांमध्ये मावलं होतं. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हे येणार आणि खाली नानांचं प्रवासवर्णन: 'रमतगमत गेलो. वारा समोरून. एका मोटारवाल्याने हॉर्न वाजवला, मी घंटी.'

सायकल रॅले. काळी, सळ्यांच्या ब्रेकची, पुढे बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला. ब्रुक्सच्या कातडी सीटला नाना जितक्या वेळा पॉलिश करतात तितक्या वेळा त्यांच्या चपलांना पाणीसुद्धा लागत नाही. मागच्या हबवर '५२' ठोकलेलं आहे. स्टर्मे-आर्चरवाले हबवर साल ठोकत, त्यामुळे जन्मतारखेचा वाद नाही. नानाही साधारण त्याच सुमाराचे असावेत, पण त्यांच्यावर कुठे आकडा सापडलेला नाही. "ही नॉटिंगहॅमची," असं ते दूधवाल्यालाही सांगतात. सेन-रॅलेच्या सायकली आसनसोलला बनायच्या आणि त्याही दणकट होत्या. पण नानांना "आसनसोलची का?" असं विचारणं म्हणजे देवगडच्या आंबेवाल्याला "कर्नाटकचा का?" विचारणं.

फोटोचे नियम ठरलेले. पहिला आणि शेवटचा नियम, चेनची बाजू. सायकल कायम चेनच्या बाजूनेच टिपायची, म्हणजे तिचं तोंड उजवीकडे. पेडल जमिनीला समांतर, व्हॉल्व्ह बरोबर खाली. स्टँड लावलेला दिसता कामा नये. चेनच्या बाजूचं इतकं कौतुक, पण या सायकलची चेन मुळात दिसतच नाही. ती पत्र्याच्या बंद पेटीत असते. हे मी एकदा बोलून दाखवलं. "आत आहे ना?" नाना म्हणाले.

आता आपल्याकडे वाहतूक डावीकडून. सायकल पुलाच्या कठड्याशी उभी करून चेनची बाजू आणि नदी एकाच फोटोत घ्यायची, तर फोटो काढणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागतं. नाना राहतात. एकदा म्हात्रे पुलावर मी तावडीत सापडलो. स्टँड नको, म्हणून सायकल मी धरायची. "सोड म्हटलं की सोड आणि पळ. धर म्हटलं की धर." वीसेक किलोचं ते लोखंड सोडायचं, फोटोबाहेर उडी मारायची आणि ते आडवं व्हायच्या आत परत येऊन पकडायचं. तिसऱ्या 'सोड'ला मागे बस उभी होती. ड्रायव्हरने खिडकीतून शांतपणे विचारलं, "काका, विकायचीय का?" नाना त्यालाही म्हणाले, "नॉटिंगहॅमची आहे." घरच्या फोटोंमध्ये हे काम नानींकडे. गेल्या काही वर्षांत नानींचा असा एकही फोटो नाही. आहेत त्या कॅरिअरवरून निसटणाऱ्या हाताच्या रूपात.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. जुन्या सायकली, त्यांचे दिवे, हवा भरायचे पंप, सगळं जिवापाड जपलेलं. नाना तिथे जाऊन आले आणि फोटो टाकला. फाटकाबाहेर उभी असलेली स्वतःची सायकल. चेनची बाजू.

'पुणे सायकलींचं शहर होतं' हे वाक्य मोटारीत बसून उच्चारणाऱ्यांची गावात कमी नाही. नाना ते म्हणत नाहीत. त्यांची तक्रार वेगळी आहे. पूर्वी सायकलला कर होता, वर्षाला बिल्ला घ्यावा लागे, दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. "तेव्हा सायकलवाल्याला निदान दंड करण्याइतकी किंमत होती रे!" आता सायकलसाठी राखलेल्या पट्ट्यात मोटारी उभ्या असतात, आणि त्या मोटारींपुढे नाना सायकल उभी करून फोटो काढतात. खाली ओळ: 'आज जागा मिळाली नाही.'

मी त्यांचे फोटो न उघडता पुढे ढकलायला शिकलो होतो. मग तळमजल्यावरच्या काकूंचं माहेर पडलं. शनिवार पेठेतला वाडा; जागी इमारत येणार. काकूंकडे वाड्यातल्या मुंजींचे, मंगळागौरींचे फोटो ढीगभर, पण रस्त्यावरून वाडा कसा दिसायचा याचा एकही नाही. घराबाहेर उभं राहून घराचा फोटो कोण काढतो? नानांनी दोन दिवस मोबाइल चाळला आणि एक काढून आणला. अर्थातच सायकल. पण सांगाड्याच्या तीन नळ्यांमधल्या त्रिकोणात दिंडी दरवाजा होता, उंबरा होता, आणि उंबऱ्यावर सकाळची रांगोळी. काकू बराच वेळ मोबाइल हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "सायकल नसती तर ओटाही दिसला असता."

नाना म्हणाले, "सायकल नसती तर मी तिथे थांबलोच नसतो, वहिनी."

आणि लगेच, "पेडल बघा, कसं समांतर आलंय."

हल्ली लोक त्यांना आपणहून पत्ते देतात. तुमचाही वाडा, चाळ, वखार पाडायला निघाली असेल तर कळवा, रविवारी उजाडता उजाडता येतील. फक्त एवढं करा, दारापुढच्या स्कूटर आदल्या रात्री हलवा, आणि सायकल धरायला एक चपळ माणूस तयार ठेवा. मी येणार नाही.