वरचा मजला

सांगलीतल्या विश्रामबागला भाड्यानं घर बघायला जाणाऱ्यानं बायोडेटा बरोबर न्यावा. नोकरीचा नव्हे, लग्नाचा. नोकरीच्या बायोडेट्यात मूळ गाव, मामाचं आडनाव, खाणंपिणं आणि घरातली माणसं रात्री किती वाजता झोपतात हे रकाने नसतात, आणि घरमालकाला नेमकं तेवढंच वाचायचं असतं. पगाराचा आकडा तो अगदी शेवटी विचारतो, तोही दुसरीकडं बघत.

बायकोची बदली सांगलीच्या शाखेत झाली म्हणून आम्ही घर शोधत होतो. माझी कंपनी पुण्यात, पण कोरोनापासून ती पाठीवरच्या बॅगेत मावते. आमचं गाव तासगाव. त्यामुळं पहिला प्रश्न सगळीकडं एकच : "तासगाव काय लांब आहे? वडापनं ये-जा करा की." तासगाव आहे पंचवीसेक किलोमीटर. नव्या संसारानं आईवडिलांच्या घरापासून साधारण एवढंच अंतर राखावं हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, पण ते उत्तर तोंडानं द्यायचं नसतं. आम्ही 'बँकेत उशीर होतो' म्हणायचो.

भाडेकरू या विषयात इथल्या लोकांचा अभ्यास दांडगा आहे. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ चं. म्हणजे बाहेरगावची पोरं इथं 'खोली आहे का' विचारत फिरायला लागली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पु. ल. देशपांडे एम. ए. झाले ते विलिंग्डनमधून; त्यांनाही त्या काळी कुणीतरी 'मित्र किती येतात? गाणं-बजावणं काही?' असं विचारून घेतलं असणार, आणि खोटं बोलल्याशिवाय त्यांची सुटका झाली नसणार. पुढं वानलेसवाडीकडं मेडिकल कॉलेज आलं, चौकात बँका आल्या, क्लास आले, अभ्यासिका आल्या, आता दीडशे रुपयांची कॉफी देणारे कॅफेही आले. पोरं बदलली, प्रश्न तेच राहिले.

या अनुभवातून भाडेकरूंची एक उतरंड तयार झाली आहे. सगळ्यात वर बँकवाले, कारण त्यांची तीन वर्षांनी बदली होते आणि घर सोडा म्हणायची वेळ येत नाही. खालोखाल डॉक्टर, रात्री-अपरात्री येतात खरे, पण मालकाचं बीपी घरच्या घरी तपासलं जातं. मग प्राध्यापक, त्यातही कायम असलेले. तासिका तत्त्वावरच्याला एका मालकानं माझ्यासमोर 'पुढच्या सत्रात बघू' असं सांगितलं, जसं त्याला कॉलेजही सांगत असणार. तळाला वकील, पोलीस आणि पत्रकार. यांना घर देत नाहीत असं कुणी म्हणत नाही, फक्त ते आले की घर 'कालच गेलेलं' असतं. बायको उतरंडीत पहिली आणि मी कुठल्याच पायरीवर नाही, असा आमचा जोडा होता.

एजंटनं आम्हाला स्कूटरवरून वारणाली, नेमिनाथनगर, गव्हर्नमेंट कॉलनी असं सगळं फिरवलं. त्याचं कमिशन एक महिन्याचं भाडं, आणि त्या बदल्यात तो प्रत्येक घरासमोर स्कूटर उभी करून 'वारा बघा' म्हणायचा. बायकोनं विचारलं, "पाणी येतं का?"

"महापालिकेचं की कृष्णेचं?"

सांगलीत घर बघताना हा खुलासा करून घ्यावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागात, मारुती चौकात पहिला मजला ज्यांनी बोटीतून पाहिला ती माणसं सामान घेऊन विश्रामबागच्या मेहुण्याकडं आली. त्यातली काही परत गेलीच नाहीत, आणि मेहुण्यांना उंचावरच्या जागेची किंमत कळली. आमच्या एजंटला तर फारच कळली होती. "महापालिकेचं सकाळी येतं, कृष्णेचं येत नाही," तो म्हणाला, "म्हणून हजार रुपये जास्त."

शेवटी जे घर मिळालं त्याचे मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खाली ते आणि काकू, वरचा मजला भाड्यानं. काका साध्या गोष्टीही क्यूसेकमध्ये सांगतात. टाकी भरून वाहायला लागली की 'मोटार बंद करा' असं न ओरडता 'विसर्ग सुरू झालाय' असं ओरडतात. आमची मुलाखत त्यांनी झोपाळ्यावर बसून घेतली आणि पहिला प्रश्न टाकला, "अलमट्टीबद्दल तुमचं मत काय?"

भाडं, डिपॉझिट, पार्किंग यांची तयारी करून आलेला मी गडबडलो. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी आज ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकला ती ५२४ च्या वर न्यायची आहे, आणि तसं झालं तर मागं फुगवटा कुठवर येईल, हे त्यांनी झोपाळ्याच्या कडीपासून माझ्या चपलांपर्यंत हातवारे करून दाखवलं. फुगवटा माझ्या अंगठ्याला लागल्यावर मी म्हणालो, "उंची वाढवू देता कामा नये." काका काकूंना म्हणाले, "चहा टाक." पास झालो होतो.

पुढचे प्रश्न सोपे होते. आडनाव विचारलं. आडनावानं समाधान झालं नाही, म्हणून मूळ गाव विचारलं. गावानंही होईना, तेव्हा 'खाणंपिणं काय?' असं विचारलं. इथं जरा थांबतो. हा प्रश्न जेवणाचा असता तर तो आधी विचारला गेला असता. वालचंदला शिकलेला, चांगल्या पगाराचा माझा एक मित्र याच भागात दोन महिने घर शोधत होता. आडनाव सांगितलं की त्याचंही घर 'कालच गेलेलं' असायचं. तो आता कुपवाड रस्त्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि म्हणतो, इतक्या लवकर कर्ज काढायचं धैर्य मला विश्रामबागच्या मालकांनी दिलं. हे तो हसून सांगतो. ऐकणाऱ्याला तेवढं हसू येत नाही.

आम्ही 'घरात करत नाही' असं उत्तर दिलं. यातला 'घरात' हा शब्द बायकोनं नीट उच्चारला होता, काकांनी तो नीट ऐकला नाही.

अटी कळल्या त्या राहायला गेल्यावर. भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडरसाठी आधीच्या भाडेकरूनं मारलेला एक आहे, त्यावरच काय ते लटकवावं. त्या खिळ्यावर आमचं लग्न, गणपती आणि बँकेचं कॅलेंडर पाळीपाळीनं लटकतात. गेटला दहाला कुलूप. गच्चीची किल्ली मागावी लागेल, आणि मागितल्यावर 'कशाला' हे सांगावं लागेल. शेवग्याखाली गाडी लावायची नाही, कारण तिथं 'आमच्या राहुलची गाडी' लागते.

राहुल वाकडला असतो. गाडी वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत, शेवग्याखाली लागते. बाकीचे दिवस ती जागा रिकामी ठेवली जाते. वरचा मजलाही त्याचाच. काकांनी तो मुलगा-सून राहतील म्हणून बांधला, त्यात मुलाच्या पसंतीची फरशी घातली, वेगळा जिना काढला, म्हणजे सुनेला मोकळं वाटेल. मुलगा हिंजवडीत लागला. त्या गल्लीत बहुतेक घरांची हीच कथा आहे. खाली निवृत्त आईवडील, वर मुलासाठी बांधलेला मजला, आणि त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा. तासगावला आमच्या घराच्या माडीवर सध्या एक तलाठी राहतो. माझी आई त्याला आंबोळ्या देते आणि बाबा त्याला रात्री उशिरा येण्यावरून बोलतात. म्हणजे सगळ्या जिल्ह्यानं आपापली पोरं एकमेकांकडं भाड्यानं ठेवली आहेत आणि दर महिन्याला तेवढाच पैसा इकडून तिकडं फिरतो आहे.

माझ्या घरून काम करण्यानं मात्र काकांची झोप उडाली. बायको साडेनऊला बँकेत जाते आणि धडधाकट माणूस दिवसभर वर असतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्यात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले : "जिल्हा परिषदेत जागा निघाल्यात. वयात बसताय ना अजून?" मी लॅपटॉप दाखवला, पगाराचा मेसेज दाखवला. ते 'बरं बरं' म्हणाले, पण जाताना बायकोला हळूच, "काळजी करू नको गं, लागेल कुठंतरी." अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर माझी रात्री अकराला मीटिंग असते. एका सकाळी काकूंनी जिन्यात गाठलं. "काल रात्री इंग्रजीत कुणाला सॉरी म्हणत होतास? पैसे घेतलेत का कुणाचे?"

वर्ष होत आलं तशी करार नवा करायची वेळ आली. पहिला करार स्टँपवर, नोटरीचा शिक्का मारून, अकरा महिन्यांचा. अकराच का, तर 'बारा झाले की भाडेकरू मालक होतो' असं काकांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. त्याच सुमारास एका रविवारी काका फोन हातात घेऊन उत्साहात वर आले. राहुलचा वाकडच्या मालकाशी वाद झाला होता. मालक म्हणाला, भाडं दोन हजारांनी वाढवायचं ठरलं होतं. राहुल म्हणाला, नव्हतं.

"आमच्या राहुलनं त्याला गप्प बसवला," काका सांगत होते. "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार अकरा महिन्यांचा असो की दोन, नोंदणी झालीच पाहिजे, आणि ती करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि खरी मजा पुढंच आहे. नोंदणी नसली की अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच खरं धरतात! मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत..."

इथं काकांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खिळ्याकडं पाहिलं, खिडकीतून शेवग्याखालच्या जागेकडं पाहिलं. बायको चहा आणायला आत गेली, कारण तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नोंदणीवाला एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन खालच्या झोपाळ्यावर हजर. हल्ली दुय्यम निबंधकाकडं जावं लागत नाही, घरबसल्या अंगठा दिला की झालं. स्टँप ड्युटीही एकूण भाड्याच्या पाव टक्का. काकांनी रात्रीत सतरा कलमं लिहून काढली होती. खिळा कलम चार, गच्ची कलम सहा, शेवगा कलम सात, मांसाहार कलम नऊ. शेवटचं कलम त्यांनी कायदा वाचून घातलं होतं : मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट भाडं. माझा अंगठा लागला, बायकोचा लागला. काका पुढं सरसावले तर एजंट म्हणाला, "तुमचा नको, मालकाचा."

"मीच मालक."

"उताऱ्यावर काकूंचं नाव आहे."

प्लॉट काकूंच्या वडिलांनी दिलेला. ही गोष्ट गल्लीत आम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होती आणि काका ती सोयीनं विसरले होते. काकू हात पुसत बाहेर आल्या. यंत्र काही त्यांचा अंगठा घेईना. भांडी घासून, पुरणं वाटून रेषा पुसट झालेल्या; त्यात सकाळीच हळकुंडं कुटली होती, त्यामुळं यंत्राची काच पिवळी झाली. एजंटनं ती पुसली, अंगठ्याला क्रीम लावलं, दुसरं बोट घेतलं. तेवढ्या वेळात काकूंनी चष्मा लावून अख्खा करार वाचला. त्या घरात तो वाचणाऱ्या बहुधा त्याच पहिल्या.

"हे नऊ नंबर काढा."

"अगं, ते महत्त्वाचं आहे," काका म्हणाले.

"काढा म्हणते ना. राहुल आला की कुठं जेवतो, वाटतं तुम्हाला?"

काका माझ्याकडं बघायला लागले. मी यंत्राकडं बघायला लागलो.

"मित्राकडं," काका म्हणाले. "मिरजेला."

"मिरजेला जाणारा माणूस चपला जिन्यात काढत नाही," काकू म्हणाल्या आणि एजंटकडं वळल्या. "सातसुद्धा काढा. गाडी उन्हात तापते पोरीची. घ्या आता, कुठलं बोट देऊ?"