श्याम आत, श्यामा बाहेर

अमेरिकेतल्या युटा राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये १३ पुस्तकं सरकारी शाळांतून हद्दपार केली. त्यातली ६ एकट्या सारा जे. मास या बाईंची. पऱ्यांच्या राज्यातले राजपुत्र, तलवारी आणि मधूनमधून शेजघराचं सविस्तर वर्णन.

पुण्यातल्या पालकांनी घाबरू नये. आपल्याकडे बंदीची वेळच येत नाही. शाळेतल्या पुस्तकांच्या काचेच्या कपाटाला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये आणि बाई निवडणुकीच्या कामावर. काचेतून 'श्यामची आई' तेवढी दिसते. तपासणीला साहेब यायचे असले, की तिच्यावरची धूळ झटकली जाते.

'श्यामा'ला मात्र त्या कपाटात कधीच जागा नव्हती. चंद्रकांत काकोडकरांची ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला. खालच्या कोर्टात सुटका, हायकोर्टात २५ रुपये दंड. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने लेखकाला निर्दोष सोडलं, पण कथेचा साहित्यिक दर्जा फारसा उच्च नाही आणि लेखक अपरिपक्व वाटतो, हेही निकालपत्रातच नोंदवून ठेवलं. एवढं कडक परीक्षण मराठी मासिकांतही सहसा छापून येत नाही! लैंगिक उल्लेख म्हणजेच अश्लीलता धरली तर फक्त धार्मिक पुस्तकंच विकता येतील, असंही कोर्ट म्हणालं. (धार्मिक पुस्तकं नीट उघडून पाहिलेल्यांना इथेही शंका घेता आली असती.) त्याच वर्षी काकोडकरांच्याच 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' लोकांनी सहकुटुंब पाहिला.

युटाच्या बंदीनंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. पेढे वाटले गेले, चौकाचौकांत फलक लागले. मराठीच्या प्राचीनतेचा एक भरभक्कम पुरावा म्हणजे हाल राजाची प्राकृत 'गाथा सप्तशती'. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली तिची मराठी आवृत्ती १९५६ साली पुण्यातूनच निघाली. तिच्यात एक सून आहे. सासू कुठे निजते आणि आपण कुठे, हे ती दारी आलेल्या रातांधळ्या वाटसरूला दिवसाउजेडी बजावून ठेवते. रात्री चुकून आमच्या अंथरुणावर धडपडू नकोस, एवढीच तिची काळजी.

समजा, नववीतल्या एका मुलीने 'अभिजात मराठी' या निबंधात 'गाथा सप्तशती'चं नाव घातलं. दहापैकी नऊ मिळाले. मधल्या सुट्टीत तिने ते पुस्तक मागितलं. बाईंनी पर्स काखेत नीट दाबून धरली.

"परीक्षेला नाव पुरेसं आहे गं."

मुलगी बाकावर जाऊन बसली आणि दप्तरातून सारा बाईंच्या पऱ्यांचा चौथा भाग काढला.